दहा हातांच्या आत

“हे फुगे कवा फुगायचे आन् ह्यांचा खेळ कवा लागायचा?” बशीतला चहा फुंकत तात्यांनी विचारलं.

“फुगे नाही म्हणायचं, तात्या. बंकर म्हणतात त्यांना,” मी म्हणाले.

“बंकर मातीचा असतो. हवा भरल्याला आपल्यात फुगाच म्हनत्यात.”

मैदानावर पंप घरघरत होता आणि लाल-निळे फुगे एकेक करून अंग सावरत उभे राहत होते. एखादा कणगीएवढा, एखादा तिकोनी, आणि एक लांबच लांब, जमिनीलगत आडवा पडलेला. त्याला पुण्याच्या मुली ‘स्नेक’ म्हणत होत्या. फेब्रुवारीतली रविवारची सकाळ होती. पाचगणीच्या खालच्या अंगाला, जिथे तात्यांची स्ट्रॉबेरी व्हायची आणि पुढे होईनाशी झाली, त्या सपाट तुकड्यावर हे सगळं चाललं होतं. वरच्या बाजूला सिल्व्हर ओकची राई होती. आमचं खरं मैदान म्हणजे ती राई, पण त्या दिवशी तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

‘आमचं’ मी सवयीने म्हणते. मैदान सर्जेराव बिरामणे यांचं, म्हणजे तात्यांचं, आणि मी तिथे नोकरीला. बारावी झाल्यापासून मी त्यांच्या पेंटबॉलच्या मैदानावर होते. नोकरी म्हणजे काय, तर सहलीला आलेल्यांना मास्क घालायला लावायचे, बंदुकीत रंगाच्या गोळ्या भरून द्यायच्या, नियम सांगायचे, शिट्टी फुंकायची, आणि एखाद्या बाजूला माणूस कमी पडला की स्वतः उतरायचं. मुंबईच्या कंपन्यांतले साहेब, सुरतेची कुटुंबं, कॉलेजची पोरं, ज्याला माणूस हवा त्याची मी. मी चांगली खेळायचे, पण ते कुणाच्या लक्षात राहायचं काही कारण नव्हतं. डाव मी मारला तरी टाळ्या त्यांच्या साहेबाला पडायच्या.

मग जानेवारीत अर्पिता भोंडवे आली. ती पुण्याकडच्या रावेतची, मुलींच्या पाच जणींच्या टीमची कप्तान, वर्षभर स्पर्धा खेळणारी. ऑफिसच्या सहलीबरोबर आली होती. राईत माझ्याविरुद्ध उतरली आणि प्रत्येक डावात माझ्याच हातून बाद झाली. जाताना तिने मास्क परत दिला आणि माझं नाव विचारलं. तिथे कुणी माझं नाव विचारायची पद्धत नव्हती.

“आमची एक मुलगी लग्न करून कॅनडाला गेलीये,” ती म्हणाली. “मे महिन्यात मलेशियात स्पर्धा आहे आणि मला पाचवी हवीये. पण आम्ही झाडीत नाही खेळत, सपाटीवर खेळतो. ते तुला जमतंय का हे एकदा पाहायला येते.”

जमलं तर स्पर्धेनंतरही पुण्यातच राहायचं, तिच्या भावाने काढलेल्या मैदानावर काम करायचं आणि रोज सराव करायचा, असंही ती म्हणाली. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की पुढचा महिनाभर मी आईशी धड बोलले नाही, कारण तोंड उघडलं की तेच निघायचं. जागा भरायला घेतलेल्या माणसातून निवडलेल्या माणसात जाण्याची ती एकच वाट मला दिसत होती, आणि ती त्या रविवारी फुग्यांमधून जात होती.

अर्पिता टेम्पोत बंकर घालून आली ती टीमच्या तीन मुली आणि क्लबातली चार मुलं घेऊन. ती स्वतः बाहेर शिट्टी घेऊन उभी राहणार आणि तिच्या जागी मी. मुलींकडून चार, मुलांकडून चार.

तात्यांना हे सगळं लग्नघरातल्या शेजाऱ्यासारखं वाटत होतं. मांडव आपल्या दारात, पण आपल्याला कुणी काही विचारत नाही. तरी त्यांनी जागा दिली होती, पाणी भरून ठेवलं होतं आणि सकाळपासून तीनदा चहा पाठवला होता.

ह्या भागात हा खेळ आणला तो तात्यांनीच. शारजाला ते ड्रायव्हर म्हणून गेले होते. ती नोकरी सुटली तेव्हा शहराबाहेरच्या एका पेंटबॉलच्या मैदानावर मास्क धुवायला लागले, आणि परत आले ते तिथल्या जुन्या झालेल्या बंदुकांचं खोकं घेऊन. बंदुका म्हटल्यावर पोलीसपाटील पहिल्याच आठवड्यात चौकशीला आले. तात्यांनी त्यांनाच मास्क चढवून राईत सोडलं. पाटील संध्याकाळपर्यंत बाहेर यायला तयार नव्हते. गावाने ह्या उद्योगाला ‘बारमाही रंगपंचमी’ असं नाव ठेवलं आणि विषय संपवला.

त्या पहिल्या बंदुकांना हाताने दट्ट्या ओढावा लागायचा. एक गोळी मारायची, दट्ट्या ओढायचा, मग दुसरी. त्यामुळे माणूस मारायच्या आधी विचार करायचा. राईतल्या पाचोळ्यात पोटावर पडून राहायचं, मुंगी चावली तरी हलायचं नाही, असा तो खेळ होता. मध्ये तात्यांनी मावळे आणि गनीम असा प्रकार काढून पाहिला, पण गनीम व्हायला एकही गट कबूल होईना. तेव्हा ते मिटवून लाल आणि निळे केले. मग दट्ट्याशिवायच्या बंदुका आल्या. आणि आता पुण्या-मुंबईकडे ह्या बॅटरीवरच्या, बोट लावलं की गोळ्यांची धार सोडणाऱ्या. सपाट मैदान, हवेचे बंकर, आणि पाणी प्यायच्या आत डाव खलास. बाहेर उभ्या असलेल्यांना सगळं दिसतं, हा त्यातला मोठा फायदा. राईत बघायला आलेल्यांना झाडंच दिसायची.

बंदुका बदलल्या, पण तात्यांनी दोन गोष्टी बदलू दिल्या नव्हत्या. गोळी अंगावर फुटली की आपणच हात वर करायचा आणि “लागली” म्हणायचं. दुसऱ्याने सांगेपर्यंत थांबायचं नाही, हळूच पुसायचं तर नाहीच. आणि दहा हातांच्या आत गोळी मारायची नाही. इतक्या जवळ पोचलात तर मोठ्याने “टेकवा” म्हणायचं. मग समोरच्याने मुकाट्याने बंदुकीचं तोंड जमिनीला टेकवायचं आणि बाहेर जायचं. जवळून बसलेली गोळी म्हणजे मुका मार, आठ-दहा दिवस काळानिळा डाग. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी हेच ऐकलं आणि पुढे येईल त्या प्रत्येक गटाला हेच सांगत आले.

शिट्टी झाली.

पहिले डाव माझे वाईटच गेले. मी राईतल्यासारखी एका बंकरमागे दबा धरून बसायचे आणि तोवर डाव संपलेला असायचा. अर्पिता बाहेरून सांगायची, “वैजयंती, हल. बसू नकोस. इथे बसलेला माणूस आपोआप बाद होतो.” डोक्यावरून गोळ्या इतक्या जात होत्या की मला त्या मोजक्या, विचार करून मारलेल्या गोळ्यांची आठवण येऊ लागली. तात्या कडेला उभे होते.

मग माझं लक्ष त्या स्नेककडे गेलं. गुडघ्याएवढा उंच, मैदानाच्या कडेने समोरच्यांच्या पार मागे जाणारा. पुण्याच्या मुली त्याच्यामागून वाकून, थांबत थांबत जात. मला वाटलं, ह्यात काय, हा तर आमच्या राईतला चर. पुढच्या डावात शिट्टी होताच मी पोटावर पडले आणि सरपटत निघाले. आयुष्यभर तेच केलं होतं. दुसऱ्या टोकाला डोकं वर काढलं तर समोर तीन पावलांवर त्यांचा प्रणित नावाचा मुलगा, माझ्याकडे पाठ करून, भलतीकडे गोळ्या झाडत होता.

“टेकवा,” मी म्हणाले.

तो दचकून वळला आणि वळता वळता त्याचं बोट दाबलं गेलं. छातीवर, खांद्यावर, एक मानेवर. मला मागे बसायलाच झालं.

“काय टेकवा?” त्याने मास्कमधून विचारलं. खरंच त्याला काही ठाऊक नव्हतं.

मी हात वर केला. “लागली,” म्हणाले आणि बाहेर आले. डोळ्यांत पाणी होतं, पण मास्क असला की ती एक सोय असते.

त्याच डावात त्यांच्यातल्या दुसऱ्या एका मुलाचा पाय बंकरच्या दोरीत अडकून मुरगळला. त्याला सावलीत बसवून, घोट्याला थंड पाणी लावून अर्पिता माझ्याकडे आली.

“तू त्याच्या पाठीमागे होतीस. त्याला पत्ताही नव्हता. मारलं का नाहीस?”

“इतक्या जवळून?”

“मग कुठून? ह्यासाठीच तर माणूस एवढा जीव तोडून पळतो.”

“इथे आम्ही टेकवा म्हणतो.”

“मलेशियात कुणाला म्हणणार?” ती चिडली नव्हती, समजावत होती. “हे बघ, तू जशी त्या टोकाला पोचलीस तशी माझ्या टीममधली एकही पोचत नाही. मला तू हवी आहेस. पण तिथे पोचून जी बोलत बसते ती नको. जेवणानंतर शेवटचा एक डाव घेते. त्यात बोललीस, तर मी अशीच पुण्याला जाईन. वाईट वाटून घेऊ नकोस.”

वाईट वाटून घेऊ नकोस असं सांगणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. वाटायचं ते वाटून झालेलं असतं.

पुण्याची मंडळी डबे उघडून टेम्पोच्या सावलीला बसली. मी राईच्या कडेला, दगडावर. तात्यांचं घर खाली रस्त्यापलीकडेच होतं आणि ते दुपारी जेवायला घरी जात, पण जाण्याआधी माझ्याजवळ येऊन बसले.

“लई लागलं?”

“न्हाई.”

“मानेवर डाग उठलाय.”

“उठू दे. तुमच्यामुळंच झालंय हे, तात्या.”

“व्हय,” ते म्हणाले. वाद घालतील असं मला वाटलं होतं. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

“दुसऱ्या कुठल्या मैदानावर असलं काय नसतं. जगात कुठं नसतं. तुम्हीच काढलंय हे. कशापायी काढलं?”

तात्यांनी खाली पडलेलं सिल्व्हर ओकचं पान उचललं आणि त्याच्या शिरा बघत बसले.

“शारजात सुट्टीच्या दिवशी लई गिऱ्हाईक यायचं. तरनी पोरं. खेळ संपला तरी बंदुकीत गोळ्या उरायच्या. त्यांनी पैसं भरलेलं, त्या गोळ्या वाया कशा घालवायच्या? मी नळावर मास्क धूत बसल्याला असायचो. पाठ त्यांच्याकडं.” त्यांनी पान उलटं केलं. “मग काय. लांबनं नेम धरून कंटाळली की जवळ यायची.”

“आन् मालक?”

“मालक म्हनायचा, रंगच हाय, धुतला की जातोय. खरंच जायचा. धुणारा बी मीच.” त्यांनी पान टाकून दिलं. “इथं आलो तवा म्हनलं, बाकी काय जमंल न जमंल, आपल्या जागंत दहा हाताच्या आत कुनी कुनाला मारायचं न्हाय.”

इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, तरी मला हे ठाऊक नव्हतं. गावात शारजाच्या गोष्टी ते पुष्कळ सांगत, उंच इमारतींच्या, खजुरांच्या. ही कधी सांगितली नव्हती. मला त्यांची फार माया आली आणि त्याच वेळी रागही आला, की हे आजच, ह्याच वेळी का सांगावं.

“मग आता मी काय करू?”

“ते मी सांगनार न्हाय. मैदानात तू जानार.”

“मी मारलं तर तुम्हाला राग येईल?”

“ते बी सांगनार न्हाय.” ते गुडघ्यावर हात टेकून उठले. “तुझी काकी ताटं वाढून बसली असंल.”

आणि गेले. अशा वेळी एक सरळ उत्तर दिलं तर माणसाचं काय जातं, हे मला आजही कळलेलं नाही. माझी भाकरी तशीच राहिली.

जेवणं झाल्यावर अर्पिता मुलांना मोजत उभी होती. मुरगळलेला पाय सुजला होता, तेव्हा ते तिघेच राहिले होते. “तीन विरुद्ध चार खेळण्यात काही अर्थ नाही,” ती म्हणाली. “गावातलं कुणी मिळेल का?”

“मी हाय की,” मागून आवाज आला.

तात्या परत आले होते. अंगात नुसता पांढरा सदरा, डोक्याला मास्क, आणि हातात ती खोक्यातली पहिली, दट्ट्याची बंदूक. मुलं हसली. वाईट हसली नाहीत, लग्नात आजोबा नाचायला उठले की हसतात तशी हसली.

“काका, अंगात काहीतरी जाड घाला,” अर्पिता म्हणाली. “ह्या सदऱ्यावर लागेल तुम्हाला.”

“नगं. उकडतंय.”

वाऱ्याने माझे दात वाजत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण मास्कमागे त्यांचे डोळे दिसले नाहीत. ते समोरच्या बाजूला गेले, स्नेकच्या शेवटाजवळ सगळ्यांत मागचा बंकर होता त्याच्यामागे उकिडवे बसले आणि हलेनात.

शिट्टी झाली. मुलं दोन्ही बाजूंनी सुटली. आमची एक मुलगी धावतानाच बाद झाली. त्यांचे दोघे मधल्या बंकरपाशी आमच्या मुलींच्या समोरच सापडले आणि “हिट, हिट” करत बाहेर गेले. मग एक ‘टप्प’ असा आवाज आला. बाकी सगळ्या गोळ्यांच्या सरीत तो एकटाच वेगळा ऐकू आला. आमची दुसरी मुलगी थबकली आणि काचेवरचा रंग पाहत उभी राहिली. तात्यांनी एक गोळी मारली होती. मागोमाग दट्ट्या ओढल्याचा आवाज आला. आता कुणी हसत नव्हतं. तिसरीने प्रणितला टिपलं, पण मरता मरता त्यानेही तिला घेतलंच.

म्हणजे मी उरले आणि तात्या.

“वेळ संपत आली, वैजयंती,” अर्पिताने बाहेरून सांगितलं.

मी स्नेकच्या मागे होते. सरपटत निघाले. प्लॅस्टिकला अंग घासून करकर वाजत होतं, मास्कमध्ये माझाच श्वास घुमत होता. टोकाला पोचून डोकं वर काढलं.

तात्या समोर होते. पाच-सहा हातांवर. माझ्याकडे पाठ.

त्यांना चाहूल लागली नसेल हे शक्यच नव्हतं. राईत पान वाजलं तर माणसाचं की माकडाचं हे सांगणारा माणूस तो. मी इतका आवाज करत आले होते की टेम्पोतल्या ड्रायव्हरनेही ऐकला असेल. पण ते वळले नाहीत. बंदूक मांडीवर आडवी, मान किंचित खाली, सदरा पाठीला ताणलेला. नळापाशी बसलेला माणूस असाच बसत असेल, असं माझ्या मनात आलं, आणि एकदा आल्यावर ते जाईना.

शब्द जिभेवर होता. नुसतं तोंड उघडायचं होतं. मी टेकवा म्हटलं असतं तर त्यांनी त्याच क्षणी बंदूक जमिनीला टेकवली असती, डाव मीच जिंकले असते, आणि अर्पिता बंकरांतली हवा सोडून निघून गेली असती. कडेला तिच्या तोंडात शिट्टी होती आणि नजर माझ्यावर.

मी दात आवळले आणि बोट दाबलं.

माझ्या हातातल्या त्या बॅटरीच्या बंदुकीला एक गोळी मारताच येत नाही. चार फुटल्या. पांढऱ्या सदऱ्यावर निळा रंग पसरत खाली आला. तात्या एकदम ताठ झाले, मग सावकाश उठले आणि उजवा हात वर केला.

“लागली,” त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं. आणि माझ्याकडे न बघता बाहेर चालत गेले.

मुली येऊन माझ्या गळ्यात पडल्या. अर्पिता धावत आली, माझा मास्क तिनेच काढला आणि पहिला प्रश्न विचारला तो, “पासपोर्ट आहे का तुझ्याकडे?” मी नाही म्हणाले. “उद्याच अर्ज टाक,” ती म्हणाली. मला हवं ते सगळं त्या एका वाक्यात मिळालं होतं, आणि मी मान वळवून तात्यांना शोधत होते. त्यांनी बंदूक पुसून खोक्यात ठेवली होती आणि ते घरी निघून गेले होते. शेडचं कुलूपही लावलं नव्हतं. आजवर असं कधी झालं नव्हतं.

मलेशियात आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो, पण पुढे तीन वर्षं मी त्या टीमकडून खेळले. आता मुलींना शिकवते. त्या फुग्यांचाही भर ओसरला. हल्ली येणाऱ्यांना परत झाडी हवी असते, वाळूची पोती, पडक्या जीपगाड्या, अर्धा दिवस चालणारी लढाई. आणखी काही वर्षांनी आणखी काही येईल. खेळाचं मला काही वाटत नाही, खेळ बदलायचाच. त्या संध्याकाळी मात्र मला वाटत होतं की माझ्या हातून कायमचं काहीतरी मोडलं.

टेम्पो गेला. मी शेडला कुलूप लावलं आणि किल्ली द्यायच्या निमित्ताने खाली तात्यांच्या घरी गेले. दिवेलागणीची वेळ होती. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते. दारातून आत पाहिलं तर तात्या उघड्या पाठीने पाटावर बसले होते आणि हौसाकाकी वाटीत आंबेहळद कालवून त्यांच्या पाठीला लावत होत्या. पाठीवर चार डाग होते, चांगले लिंबाएवढे, मधोमध लाल आणि कडेने काळे-निळे.

“ये,” काकी म्हणाल्या. “बघ तुझ्या तात्यांचा पराक्रम.”

जुळवलेलं सगळं मी विसरले. “तात्या, चुकलं माझं,” एवढंच म्हटलं.

“काय चुकलं?”

“तुम्ही दुपारीच मला सांगितलं होतं, आन् तरी मी पाठीत—”

“वैजे.” ते वळले नाहीत, समोर भिंतीकडे बघत बोलले. “तितं मी मास्क धूत हुतो. खेळत न्हवतो. आज मी खेळत हुतो. त्यात लई फरक हाय.”

मी उंबऱ्यात बसले आणि रडले. मास्क नव्हता, त्यामुळे सगळ्यांना दिसलं.

“तुम्हाला ऐकू आलं होतं ना मी आलेलं?” मी नंतर विचारलं.

“आलं की. तू निम्म्यात हुतीस तवाच.”

“मग वळला का न्हाई?”

“वळलो असतो तर घाबरून तू मारलीच असतीस. त्यात काय मोठं? त्या बाईला ते बघायचं न्हवतं. आन् तुला बी.” त्यांनी खांदा हलवला आणि कळ आली तसे थांबले. “मारायचं का न्हाय ते तुझं तू ठरवायचं हुतं. मी निस्ता बसलो.”

“निस्तं बसलं म्हनं,” काकी म्हणाल्या. “त्या जाकिटाचं बी सांगा की तिला.” आणि मग स्वतःच सांगू लागल्या. “सकाळी वारं हाय म्हनून कापसाचं जाड जाकीट घालून गेलं. दुपारी जेवून उठलं आन् ते काढून खुंटीला अडकवलं. म्हनलं, अवो, वारं वाढलंय, आन् आता तर खेळाय निघालाय. तर म्हनं, नगं.”

मी खुंटीकडे पाहिलं. जाकीट तिथे होतं.

“कापसावर गोळी फुटत न्हाय,” तात्या म्हणाले. “दबती आन् तशीच उडून जाती. मग ती धरत न्हाईत.”

“मग उडू द्यायची हुती की. मागं एवढा गलका, कोन बघाय आलंय फुटली का उडाली? तुमी हात वर करायचा, झालं. पोरीचं काम झालं असतं आन् तुमची पाठ बी राहिली असती.”

तात्यांनी आता पहिल्यांदा मान वळवली आणि काकींकडे असं पाहिलं, जसं काही काकींनी त्यांना चोरी करायला सांगितलं होतं.

“फुटली नसताना हात वर करू?”

“एक डाव केला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?”

तात्या पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. काकींनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

मी उठले. काकींच्या हातातली वाटी मागून घेतली, तात्यांच्या पाठीमागे बसले आणि राहिलेल्या डागांना आंबेहळद लावायला लागले.

“हळू लाव,” तात्या म्हणाले. “दुखतंय.”